तुमचे प्रश्न : पेनकिलरच्या गोळ्या, आई आणि बाळ

गेल्या अंकात पाठदुखीसाठी वर्षानुवर्षं घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांबद्दल लिहिलं होतं. ट्रामाडॉल, टॅपेन्टाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ही सगळी शरीरात अफूसारखंच काम करतात आणि त्यांची सवय लागते, एवढंच त्यात सांगितलं होतं. त्यावर नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून जी पत्रं आली त्यातली बरीचशी बायकांची किंवा बायकांबद्दलची आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात एक लहान मूल आहे. म्हणून यावेळी सगळी जागा त्यांनाच देतेय. नावं काढून टाकलीत, गावं ठेवलीत.

प्रश्न : ताई, आम्ही सिडकोत राहतो. सुनेला सहावा महिना चालू आहे. दोन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्याजवळ स्कूटीवरून पडली तेव्हापासून कंबर दुखते म्हणून गोळ्या घ्यायची, आम्हाला वाटलं साध्या असतील. परवा कपाट आवरताना साड्यांच्या घडीत रिकाम्या स्ट्रिपा सापडल्या, ट्रामाडॉलच्या. दिवसाला आठ-दहा लागतात असं तिनंच रडत सांगितलं. मुलानं त्याच रात्री उरलेल्या गोळ्या संडासात टाकल्या. आता ती घामाघूम होतेय, सारख्या जांभया, नाक गळतंय, उलट्या, पोटात पिळवटतंय. मुलगा म्हणतो दोन दिवस कळ काढू दे, बाळासाठी तेच चांगलं. मला मात्र धीर निघत नाहीये. (एक सासू)

उत्तर : काकू, तुमचं पत्र आलं त्याच दिवशी फोनवर बोललो होतो आपण, इथे पुन्हा लिहितेय ते बाकीच्या घरांसाठी, कारण असंच करणारी घरं खूप आहेत आणि सगळ्यांचा हेतू चांगलाच असतो.

प्रेग्नंट बाईच्या या गोळ्या एका झटक्यात बंद करायच्या नसतात. नेहमीच्या माणसाला टर्की लागली, म्हणजे औषध तुटल्यावरचा त्रास सुरू झाला, तर हाल होतात पण सहसा जीव जात नाही, पोटात बाळ असताना हिशोब वेगळा असतो. औषध वारेतून बाळापर्यंत जातच असतं, त्यामुळे आईचं बंद झालं की बाळाचंही त्याच क्षणी बंद होतं, म्हणजे आई जशी तळमळतेय तशी पोटातलं बाळही तळमळतं, त्यात गर्भपात होऊ शकतो, वेळेआधी कळा सुरू होऊ शकतात, बाळाचा ऑक्सिजन कमी पडू शकतो. शिवाय असं कोंडून सोडवलेलं बहुतेक वेळा टिकत नाही, आठ-पंधरा दिवसांनी ती पुन्हा लपून घेते, आणि मधल्या काळात शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते म्हणून जुन्याच डोसनं श्वास थांबायची भीती असते. बरं, ट्रामाडॉल जास्त झालं तर फिट्सही येतात, म्हणजे "मग पूर्वीसारखंच घेऊ दे" हाही मार्ग नाही.

मार्ग आहे तो असा, की तिला स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघांनाही दाखवायचं आणि दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, खाजगी परवडत असेल तर खाजगीत जा, पण उलट्या आणि पोटात कळा चालू असताना घरी थांबू नका. डॉक्टर बहुतेक वेळा जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी सुरू करतात. काही देशांत मेथाडोन देतात. गरोदर बाईला हेच द्या, झटक्यात सोडवायला जाऊ नका, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. हे औषध शरीराला एका पातळीवर शांत ठेवतं, दिवसातून चार वेळा वर-खाली होत नाही, त्यामुळे बाळालाही हिंदकळावं लागत नाही. शेवटच्या महिन्यांत डोस थोडा वाढवावा लागतो कधीकधी, तेव्हा "बघा, पुन्हा वाढली" असं कुणी म्हणू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिलिव्हरीच्या डॉक्टरांपासून यातलं काहीही लपवू नका. कळा सोसत नाहीत म्हणून काही ठिकाणी पेंटाझोसिनचं इंजेक्शन देतात, ते अशा बाईला दिलं की ऐन बाळंतपणात तिला टर्की लागते. आणि बाळ जन्मल्यावर श्वास मंद वाटला तर अफूचा परिणाम उतरवणारं नॅलोक्सोन द्यायचा मोह होऊ शकतो, ते या बाळाला दिलं तर त्याला फिट्स येऊ शकतात. डॉक्टरांना आधी माहीत असेल तर दोन्ही टळतं. केसपेपरवर लिहिलं तर नातेवाईकांना कळेल ही भीती मला कळते, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाचे आजारही येतात आणि त्यात पेशंटची माहिती गुप्त ठेवायची जबाबदारी डॉक्टरांवर आहे.

तुम्ही पत्रात शेवटी लिहिलंय की आमचं घर तसलं नाही. काकू, २०१९ मध्ये केंद्र सरकार आणि एम्सचा देशभराचा अहवाल आला, त्यात १० ते ७५ वयाच्या लोकांत २.०६ टक्के जण, म्हणजे साधारण २ कोटी २६ लाख माणसं, अफूच्या प्रकारातलं काही ना काही घेणारी निघाली. त्यात गर्द म्हणजे हेरॉइन घेणारे १.१४ टक्के होते आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गोळ्या-औषधांवाले ०.९६ टक्के, म्हणजे फार फरक नाही. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, तरी तुमच्या सुनेला दोन वर्षं कुणीतरी देतच होतं ना. मला राग येतो तो त्याचा, तिचा नाही. मुलाला एवढंच सांगा की तिनं रडत का होईना खरा आकडा सांगितला, तेवढ्यावर डॉक्टरांचं निम्मं काम सोपं झालं.

प्रश्न : मी पिंपळगाव बसवंतची, वय २४. द्राक्षाच्या कामाला जायचे, छाटणीच्या दिवसांत पाठ मोडून यायची, एका बाईनं गोळी दिली, मग रोज लागायला लागली, नंतर खोकल्याचं औषध पण. पोटुशी असतानाही घेत होते, कुणाला सांगितलं नाही. बाळ झालं, दुसऱ्या दिवशी घरी आलो, तिसऱ्या दिवशी त्याचं रडणं कसंतरीच व्हायला लागलं, थरथरायला लागलं, परत ॲडमिट केलं. तिथे सगळं बाहेर आलं. बाळ आता चार महिन्यांचं आहे, सासूबाईंजवळ असतं, मला घेऊ देत नाहीत, दूध तोडलं. ताई माझं बाळ मंद निघेल का? ते नशेचं बाळ आहे असं सगळे म्हणतात.

उत्तर : अगं, कुणी काहीही म्हणू दे, तुझं बाळ नशेचं नाही. पोटात असताना त्याच्या शरीराला औषधाची सवय झाली होती, नाळ कापल्यावर ते मिळायचं बंद झालं, म्हणून त्याला त्रास झाला. तो त्रास उतरतो आणि बाळ बाळासारखं वाढतं.

मी नवजात कक्षात नर्स होते तेव्हा अशी बाळं हाताळलीत. हनुवटी थरथरत असते, मुठी तोंडात कोंबायला बघतं पण स्तन तोंडात दिला की पकड बसत नाही, चोखतं घाईघाईनं आणि दूध बाहेर टाकतं, एकामागून एक शिंका, जांभया, पातळ शी होऊन ढुंगण लाललाल, आणि टाचा चादरीवर घासून घासून सोललेल्या. रडणं उंच, तीक्ष्ण, दुसऱ्या खोलीतून ओळखू यायचं. बहुतेकांना हे पहिल्या २४ ते ७२ तासांत सुरू होतं, काहींना आणखी उशिरा, आणि आपल्याकडे नॉर्मल डिलिव्हरी झाली की बेडसाठी लवकर घरी सोडतात, मग तुझ्यासारखं होतं, सगळं घरी गेल्यावर दिसतं. आधी माहीत असतं तर तुला निदान तीन-चार दिवस, गरज पडली तर आठवडाभर, बाळासकट ठेवून घेतलं असतं.

आणि त्यावरचा पहिला उपचार काय असतो माहितेय, आई. अंधुक उजेड, कमी आवाज, दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ आईच्या उघड्या छातीवर, थोडं थोडं पण वरचेवर दूध. एवढ्यानं भागलं नाही तरच मॉर्फिनचे अगदी थोडे थेंब तोंडावाटे देतात आणि मग हळूहळू उतरवतात. अमेरिकेत २६ हॉस्पिटलांत हे तपासून बघितलं, २०२३ ला त्याचा निकाल छापून आला. बाळ नीट पितंय का, झोपतंय का, उचलून घेतल्यावर शांत होतंय का, एवढंच बघून सांभाळलेली बाळं सरासरी ८ दिवसांत घरी जाण्यासारखी झाली, जुन्या पद्धतीत मार्क देऊन औषधं ठरवायचे तिथे जवळपास १५ दिवस लागत होते. जवळ घेणं हे तिथे औषध म्हणून मोजलं गेलं.

पुढच्या वाढीचं विचारलंस, तर खोटा दिलासा देणार नाही. अशा काही मुलांमध्ये पुढे लक्ष न लागणं, बोलायला उशीर, डोळ्यात तिरळेपणा असं दिसलेलं आहे. पण त्यातलं किती औषधामुळे आणि किती आईच्या उपासमारीमुळे, कमी वजनामुळे, घरातल्या भांडणांमुळे, हे वेगळं काढता येत नाही, आणि चांगली सांभाळली गेलेली बरीच मुलं इतरांसारखीच वाढतात. तू एवढं कर, बाळाला सिव्हिलच्या बालरोग ओपीडीत ने आणि सांग की डोळे, कान आणि वाढ तपासून हवीय. लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर शोधणारं डीईआयसी नावाचं केंद्र सरकारनं जिल्हा पातळीवर ठेवलेलं असतं, तिकडे पाठवतात, पैसे लागत नाहीत. मान धरणं, नजरेनं वस्तूचा पाठलाग करणं, आवाजाकडे वळणं, या गोष्टी चार महिन्यांत बघता येतात.

सासूबाईंना हे पान वाचायला दे. त्यांनी बाळ सांभाळलं, रात्री जागवल्या, त्याचे उपकार आहेतच, पण तू उपचार घेत असशील तर तुझ्यापासून बाळ तोडून ना तू सुधारणार ना बाळ. सुरुवातीला त्यांच्यासमोर बसून घे, आंघोळ तू घाल, त्यांना बघू दे. आणि तू स्वतः अजून गोळी घेतेयस का हे पत्रात लिहिलं नाहीस. घेत असशील तर १४४४६ या नंबरवर फोन कर, सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाईन आहे, फोन फुकट आहे. दूध सुटून बरेच दिवस झाले असले तरी कधीकधी परत आणता येतं, पण आधी तुझ्या अंगात काय जातंय ते डॉक्टरांना कळू दे, मग.

प्रश्न : बायको गर्दवर होती, लग्नानंतर कळलं. आता वर्षभर ब्युप्रेनॉर्फिनवर आहे, छान आहे, कामाला जाते. आठवा महिना लागला. शेजारचे म्हणतात ही पण नशाच, डिलिव्हरीआधी बंद करा, आणि अंगावर तर पाजूच नका. मी अंबडला कंपनीत आहे, मला यातलं काही समजत नाही. (एक नवरा)

उत्तर : दादा, बंद करू नका आणि बाळाला अंगावर पाजू द्या. तिचं औषध व्यवस्थित चालू असेल, बाजूला दुसरी कुठली नशा नसेल आणि एचआयव्हीची टेस्ट निगेटिव्ह असेल तर स्तनपान करायलाच सांगतात, दुधातून फारच थोडं औषध जातं आणि पाजलेल्या बाळांना त्रास कमी होतो असं दिसलंय. पूर्वी सुया वापरल्या असतील तर एचआयव्हीबरोबर हेपॅटायटिस बी आणि सी दोन्ही तपासून घ्या, बी असेल तर बाळाला जन्मल्या जन्मल्या लस आणि इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागतं, तेवढी तयारी आधी हवी. एचआयव्ही निघाला तरी घाबरून जाऊ नका, आईला आणि बाळाला औषधं असतात, दुधाचं तिथले डॉक्टर ठरवतील. २०१० मध्ये मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्या आयांच्या बाळांची तुलना झाली होती, ब्युप्रेनॉर्फिनवाल्यांच्या बाळांना मॉर्फिन खूपच कमी लागलं आणि हॉस्पिटलात कमी दिवस राहावं लागलं. शेजाऱ्यांना हे सांगत बसू नका, तुमच्या बायकोला सांगा. आणि बाळंतपणानंतरचे दोन-तीन महिने तिच्यावर लक्ष ठेवा, झोप नाही, अंग दुखतंय, रडू येतंय, पुन्हा घ्यावंसं वाटण्याचे हेच दिवस असतात. माहेरी पाठवणार असाल तर तिथे औषध कुठून मिळेल ते आधी ठरवून ठेवा, चार दिवसांचा खंड पडला तरी सगळं केलेलं वाया जातं.

प्रश्न : नातू रात्रभर किरकिर करतो. आमच्या वेळी अफूचं बोट चाटवायचे, मुलं गप झोपायची. सूनबाई ऐकत नाही. खसखशीची खीर तरी द्यावी का? (आजोबा, दिंडोरी)

उत्तर : आजोबा, सूनबाईंचं ऐका. अफूनं बाळ झोपत नाही, त्याचा श्वास मंदावतो आणि ते आपल्याला झोपल्यासारखं दिसतं. मुंबईच्या गिरणगावात बायका पाळीवर जाताना तान्ह्यांना अफूची बाळगोळी देऊन जायच्या, शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी पाहण्यांत त्याची नोंद आहे, त्या बायकांचा नाईलाज होता, कामावर बाळ नेता येत नव्हतं आणि घरी सांभाळायला कुणी नव्हतं. तुमच्या घरी चार माणसं आहेत. लहान मुलाला अंमली पदार्थ देणं आज २०१५ च्या बालन्याय कायद्यानं गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. खसखशीची खीर बाळंतिणीनं नेहमीच्या प्रमाणात खाल्ली तर हरकत नाही, बाळाला सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही नको, अफूच्या बोंडांचा काढा तर कुणालाच नको. किरकिर फारच असेल तर कान आणि पोट डॉक्टरांना दाखवा, आणि रात्री एक फेरी तुम्ही मारा त्याला खांद्यावर घेऊन.

प्रश्न : मी मालेगावात प्राथमिक शाळेत शिकवते. दुसरीतली एक मुलगी रोज उशिरा येते, कधी धाकट्या भावाला कडेवर घेऊनच. डबा नसतो. विचारलं तर म्हणते मम्मी उठत नाही. शेजारणीकडून कळलं की आई खोकल्याचं औषध आणि कुत्ता गोळी घेते, वडील बाहेरगावी. पोलिसात सांगितलं तर मुलांचं काय होईल या भीतीनं गप्प बसलेय. काय करू?

उत्तर : बाई, गप्प बसू नका, पण पोलिसांपासून सुरुवातही करू नका.

आधी धोका समजून घ्या. कुत्ता गोळी म्हणजे अल्प्राझोलाम, ती अफूच्या जातीची नाही, झोपेची-चिंतेची गोळी आहे. पण कोडीनबरोबर घेतली की दोन्ही मिळून श्वास दाबतात, नुसत्या एकानं होईल त्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे "मम्मी उठत नाही" हे वाक्य तुम्ही झोप समजू नका. त्या मुलीला सात वर्षांच्या पोरीला कळेल अशा शब्दांत शिकवा, मम्मी हाक मारून, हलवून उठली नाही, घोरल्यासारखा विचित्र आवाज आला, ओठ निळे दिसले, तर शेजारच्या काकूंना बोलवायचं आणि १०८ ला फोन करायचा. शेजारणीला हे वेगळं सांगा, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली तर तेही लक्षण आहे, आणि येताना औषधाची बाटली-पाकीट गाडीत टाकायला सांगा. धाकट्याच्या हाती बाटली लागली तर एवढ्याशा मुलाला थोडंही पुरतं, म्हणून घरात औषध कुठे असतं हेही शेजारणीनं बघावं.

त्या मुलीचं काय होतंय तेही बघा. ती घरातली मोठी बाई झालीय. भावाला भरवते, मम्मीला सांभाळते, बाहेर कुणाला कळू नये म्हणून खोटं बोलते, आणि मनातून तिला वाटत असतं की मी नीट वागले तर मम्मी घेणार नाही. तिला एकदा तरी शांतपणे सांगा की मम्मीला आजार आहे आणि तो तुझ्यामुळे झालेला नाही. उशिरा आली म्हणून वर्गाबाहेर उभं करू नका. शालेय पोषण आहार तिला पोटभर मिळतोय ना ते स्वतः बघा, भावाला अंगणवाडीत घालायला आशाताईंना सांगा, तिथे त्याचं वजन होईल, खाऊ मिळेल, दिवसाचे काही तास तो तिच्या कडेवरून उतरेल.

आईशी बोलायला आशाताई किंवा त्या घरात जाणारी कुणी बाई न्या, दुपारच्या आधी जा. तिला सगळ्यात मोठी भीती असते ती मुलं काढून घेतील याची. तिला दोन गोष्टी ठामपणे सांगता येतील. एक, व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर एनडीपीएस कायद्याच्या कलम ६४अ नुसार सेवनाबद्दल किंवा अगदी थोडा माल बाळगल्याबद्दलच्या खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, त्यासाठी उपचार पूर्ण करावे लागतात. दोन, मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २१ प्रमाणे आई ॲडमिट असली तरी तीन वर्षांखालचं मूल तिच्यापासून सहसा वेगळं करायचं नाही. धाकटा त्या वयाचा असेल तर ॲडमिशनच्या वेळी हे स्वतः विचारा, कारण बऱ्याच केंद्रांना ते माहीतच नसतं. बायकांसाठी वेगळी सोय असलेली केंद्रं आपल्याकडे फार कमी आहेत, पुण्याच्या मुक्तांगणमध्ये बायकांसाठी निशिगंध नावाचा वेगळा विभाग आहे, तिथे फोन करून विचारता येईल. दोन्ही औषधं एकदम बंद करायची नाहीत हेही तिला सांगा, अल्प्राझोलाम अचानक थांबवली की फिट येऊ शकते.

आणि एवढं करूनही आई उठतच नसेल, मुलं उपाशी राहत असतील, तर १०९८ ला कळवा. तिथून बालकल्याण समितीकडे जातं, त्यांनी आधी मावशी, आजी, कुणी नात्यातलं मिळतंय का ते बघायला हवं, तुम्ही तो शोध आत्तापासूनच सुरू केलात तर मुलं अनोळखी ठिकाणी जायची वेळ कदाचित येणार नाही.

प्रश्न : सिझर झालं, दोन दिवस ट्रामाडॉल दिलं होतं, मी पाजत होते. आता वाचून घाबरलेय. (गंगापूर रोड)

उत्तर : घाबरू नकोस. पाजणाऱ्या आयांनी कोडीन आणि ट्रामाडॉल घेऊ नये असं अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये सांगितलंय, त्यामुळे पुढे दुखलं तर पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनचं डॉक्टरांना विचार. पण दोन दिवस घेतल्यानं तुला व्यसन लागलेलं नाही, आणि बाळ तेव्हा नीट पित होतं, जागं होत होतं तर त्यालाही काही झालेलं नाही. बाळ खूप गुंगीत, पिताना थकतंय, श्वास अडखळतोय असं दिसलं असतं तर ती काळजीची गोष्ट. उरलेली स्ट्रिप मात्र "पुढे लागेल" म्हणून डब्यात ठेवू नकोस.

प्रश्न : आईला कॅन्सर आहे, घरी मॉर्फिनच्या गोळ्या आणि अंगावर लावायचा पॅच आहे. घरात तीन वर्षांची मुलगी. हे अंक वाचून वाटतं आईचं औषध बंदच करावं. (नाशिकरोड)

उत्तर : अजिबात नाही. कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फिन हे योग्य औषध आहे, आईला त्याच्याविना तळमळत ठेवू नका. फक्त गोळ्या कुलुपात ठेवा, उशीखाली किंवा देवघरातल्या डबीत नको, आणि मुलीसमोर त्याला "आजीची चॉकलेटं" म्हणू नका. काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, मूल ते उचलून अंगाला चिकटवू शकतं किंवा चोखू शकतं, म्हणून काढल्याबरोबर चिकट बाजू आत घेऊन दुमडा, हात धुवा, आणि पॅच कसा टाकायचा किंवा परत कुठे द्यायचा ते जिथून औषध मिळतं तिथेच विचारून घ्या. उरलेल्या गोळ्याही तिथेच परत द्या. मुलीनं एखादी गोळी तोंडात घातल्याचा नुसता संशय आला तरी ती खेळतेय, हसतेय म्हणून वाट बघू नका, थेट हॉस्पिटलात न्या.